हेडफोनला किती व्होल्ट पुरतात?

पुण्यातल्या बिबवेवाडीतून मुकुंदनगर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तिथल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला आणि आमच्या भागातल्या रसिकांची डिसेंबरात मोठी सोय झाली. पण ते दिवस मोजके. बाकी वर्षभर गाणे ऐकायचे ते घरात, आणि घर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास, भिंतीपलीकडे लवकर झोपणारे आजोबा. मोठ्या स्पीकरची हौस अशा घरात भागत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक रसिक चांगल्या हेडफोनकडे वळले आहेत, आणि वळताच एका प्रश्नाशी अडले आहेत.

प्रश्न असा. पंचवीस-तीस हजारांचा सेनहायजर एचडी ६०० किंवा ६५० घेतला, फोनला जोडला, आवाज क्षीण आला. मग कोणीतरी सांगतो की याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवा आणि वेगळा डॅक हवा. चौकशी केली तर आकडे पाच हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातात. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. बहुतेक हेडफोनांचे काम हजार-दीड हजारांच्या डोंगलपासून वीसेक हजारांच्या डॅक-अ‍ॅम्पच्या पेटीपर्यंत पूर्ण होते. त्यापुढचा पैसा पेटीत घालण्यापेक्षा हेडफोनमध्ये घालावा, कारण आवाजातला खरा फरक तिथे पडतो. हे कोणाच्या मतावर सोडायची गरज नाही, घरी हिशोब करता येतो.

डॅकचे काम फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणे. अ‍ॅम्पचे काम त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देणे. फोनला जॅक नसेल, तर आपण लावतो त्या बोटभर डोंगलच्या पोटात ही दोन्ही यंत्रे असतात.

डॅकबद्दल लोक सर्वाधिक काळजी करतात आणि तिथेच ती सर्वांत कमी करावी. सीडीच्या १६ बिट ध्वनीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. २४ बिटमध्ये कागदावर १४४. आता आपल्या खोलीकडे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि बिबवेवाडीच्या मुख्य रस्त्यालगत ती पाळली जाते असे तिथे राहणारा कोणीही म्हणणार नाही. पहाटे मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो, रात्री उशिरापर्यंत दुचाक्या. खिडक्या लावल्या, पंखा एकवर ठेवला, तरी खोलीत ३०-३५ डेसिबल राहतातच, आणि एचडी ६०० सारखा मागून उघडा हेडफोन ते जवळजवळ सगळे आत येऊ देतो. गाण्याची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत नेली, म्हणजे फारच मोठ्याने ऐकले, तरी कानाला उपयोगी पडणारे अंतर ७०-७५ डेसिबलचे. साध्या सीडीचा १६ बिटही इथे उरतो. आज बाजारात बरे नाव असलेला कोणताही डॅक ही पातळी सहज ओलांडतो.

यावर झालेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडी पातळीतून नेऊन ऐकवला. कोणता कुठला हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हते. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे आली २७६. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती.

चिपच्या नावाचा आग्रह का धरू नये, याचे उदाहरण जपानने पुरवले. ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका इथल्या आसाही कासेईच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जगभरच्या डॅकना लागणाऱ्या एकेएम चिपा मिळेनाशा झाल्या. कंपन्यांनी काय केले? ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपा बसवल्या. फियोचा के-५ प्रो हा लोकप्रिय डॅक-अ‍ॅम्प त्याच नावापुढे ईएसएस लावून बाजारात आला. चिप बदलली आणि यंत्र चालत राहिले, कारण चिपइतकेच महत्त्व तिच्याभोवतीच्या सर्किटला, वीजपुरवठ्याला आणि बांधणीला असते. तेव्हा खोक्यावरच्या चिपच्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

अ‍ॅम्पच्या बाबतीत मात्र फरक खरा आहे, आणि तो मोजता येतो. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहममधला इम्पिडन्स, दुसरा डेसिबलमधली सेन्सिटिव्हिटी. दुसऱ्यात एक खोच आहे. काही कंपन्या तो एक व्होल्टला देतात, काही एक मिलिवॅटला. ३२ ओहमच्या हेडफोनला एका मिलिवॅटला १०० डेसिबल म्हणजे एका व्होल्टला ११५, पण ३०० ओहमच्या हेडफोनला तेच १०० म्हणजे व्होल्टला १०५. दोन हेडफोनांची तुलना करण्यापूर्वी दोघांचे आकडे एका मापात आणावेत.

गाण्याच्या शिखरांसाठी ११० डेसिबलची सोय असली की पुरे, असे धरू. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. उरलेल्या ७ डेसिबलसाठी व्होल्टेज सव्वादोनपट लागते, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट. ३०० ओहममधून त्यावेळी जेमतेम साडेसात मिलिअ‍ॅम्पिअर करंट जातो. आता हायफायमॅनचा सुंदारा घ्या. तो प्लेनर जातीचा, ३७ ओहम, एका मिलिवॅटला ९४ डेसिबल. त्याला ११० साठी ४० मिलिवॅट लागतात. व्होल्टेज फक्त १.२, पण करंट ३३ मिलिअ‍ॅम्पिअर, एचडी ६५० च्या चौपटीहून जास्त. म्हणून जास्त ओहमचा हेडफोन चालवायला अवघड आणि कमी ओहमचा सोपा, हे सर्रास ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. एकाला व्होल्ट हवेत, दुसऱ्याला करंट. बेयरडायनॅमिकच्या डीटी ८८० ची ६०० ओहमची आवृत्ती मिलिवॅटला ९६ डेसिबल देते, तिला जवळजवळ चार व्होल्ट लागतात. आणि अगदी टोकाला हायफायमॅनचाच काही लाखांचा सुसवारा आहे, ६० ओहम, ८३ डेसिबल. त्याला अर्धा वॅट हवा, म्हणजे साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअ‍ॅम्पिअर.

बाजारातल्या वस्तू या आकड्यांशेजारी ठेवून पाहाव्यात. अ‍ॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल एक व्होल्ट देतो (युरोपसाठी बनलेला अर्धाच देतो, म्हणून परदेशातून कोणी आणून देत असेल तर विचारून घ्यावे). त्यावर एचडी ६५० ची शिखरे १०३ डेसिबलला जातात, आणि रात्री शांतपणे ख्याल ऐकणाऱ्या पुष्कळांना ती पुरतात. काही अँड्रॉइड फोनांवर हा डोंगल पूर्ण आवाज देत नाही, तेव्हा आपल्याच फोनवर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पुढची पायरी फियोच्या के-७ सारख्या पेटीची. ती बॅलन्स्ड जोडणीवर ३२ ओहमला दोन वॅट देते, म्हणजे आठ व्होल्ट. हिशोबाने तीत सुसवारासुद्धा बसतो.

स्वस्तात उत्तम अ‍ॅम्प बनू शकतो, हे पटवून देण्याचे मोठे श्रेय एका निनावी इंजिनिअरला जाते. एनडब्ल्यूएव्हीगाय एवढ्याच टोपणनावाने लिहिणाऱ्या या माणसाने २०११ मध्ये ऑब्जेक्टिव्ह-टू नावाचा हेडफोन अ‍ॅम्प आखला आणि त्याचा संपूर्ण आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. आत सोन्याच्या तारा नाहीत, दुर्मीळ सुटे भाग नाहीत. सहज मिळणाऱ्या ४५५६ जातीच्या ऑप-अ‍ॅम्प चिपा आउटपुटला जोडीने लावल्या, आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम राखला, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालेल अशी सोय केली आणि प्रत्येक दाव्यासोबत मोजमाप दिले. २०१२ नंतर तो लिहिताना दिसला नाही. तो कोण होता हे जाहीर झाले नाही, पण त्यानंतर किफायती अ‍ॅम्प बनवणाऱ्यांना मोजमापे दाखवल्यावाचून गत्यंतर उरले नाही. आजच्या शंभर डॉलरच्या स्वच्छ पेट्यांवर त्या माणसाचे ऋण आहे असे मी मानतो.

आपल्याला किती व्होल्ट लागतात, हे घरी मोजायला एका मल्टिमीटरची गरज आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो मिळतो, फक्त अगदी स्वस्तातला घेऊ नये. त्याचा एसीचा सर्वांत लहान टप्पा २०० व्होल्टचा असतो आणि अर्धा व्होल्ट त्यावर नीट वाचता येत नाही. एसीचा दोन व्होल्टचा टप्पा आहे ना, एवढे दुकानदाराला विचारावे. मग एका आउटपुटचे दोन करणारा स्प्लिटर घ्यायचा. एका तोंडात हेडफोन, दुसऱ्यात साधी ऑक्स वायर. प्लेअरमधली आवाज सारखा करणारी सोय बंद करायची. आपल्या संग्रहातले सर्वांत हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेले गाणे लावायचे आणि जास्तीत जास्त जितक्या मोठ्याने ऐकावेसे वाटेल तिथे आवाज थांबवायचा. आता हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवायचा आणि आवाजाला हात न लावता ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर वाजवायचा. अशी फाइल फुकट मिळते. ऑक्स वायरच्या मोकळ्या पिनचे टोक आणि बूड, या दोन ठिकाणी मीटरच्या सुया टेकवायच्या. ५० हर्ट्झ अशासाठी, की आपल्या घरची वीज तेवढ्याच हर्ट्झची असते आणि साधे मीटर तिथे खरे बोलते. माझ्या एचडी ६५० वर रात्रीच्या बैठकीला मीटर ०.३ व्होल्टच्या आसपास राहतो, म्हणजे शिखरे ९२ डेसिबलच्या जवळ. जुन्या, दबक्या आवाजाच्या मैफिलींना तो बराच वर चढतो. तुमचा आकडा एक व्होल्टच्या आत असेल, तर डोंगल पुरे. दीड-दोन व्होल्ट दिसत असतील, तर पेटी घ्या. डोंगलची कमाल गाठूनही आवाज कमीच वाटत असेल, तर प्रश्न मिटलाच, पेटी हवी.

हाच मीटर दोन अ‍ॅम्पची तुलना करतानाही उपयोगी पडतो. दोन आवाजांत थोडासा मोठा असलेला कानाला 'चांगला' वाटतो, मोठा आहे असे वाटत नाही. म्हणून दोघांचे व्होल्टेज सारखे करून मगच ऐकावे, आणि कोणता लावला आहे ते दुसऱ्या कोणी तरी बदलावे.

अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सचा नियम थोडक्यात असा, की हा इम्पिडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. ३२ ओहमसाठी चार ओहमच्या आत. प्लेनरचा इम्पिडन्स सर्व सुरांना जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम कमी. कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा आवाज मात्र चुकीच्या अ‍ॅम्पवर पार बदलतो. अशा इअरफोनना ताकदवान पेटी लावू नये. पार्श्वभूमीला सूं ऐकू येते, आणि बटण जरासे फिरवताच आवाज अंगावर येतो.

आता घरातल्या विजेकडे. बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्यांत अर्थिंग नेहमी धड असतेच असे नाही. लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना त्याच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, आणि तोच गळका करंट यूएसबीमार्गे डॅकमध्ये शिरून गुणगुण ऐकवतो. चार्जर काढून पाहावे. आवाज थांबला तर दोष डॅकचा नाही, आणि दुसरा महाग डॅक आणूनही तो जाणार नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकणाऱ्यांनी आपला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे की साइन वेव्ह, ते बघावे. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प घुमतो. बॅटरीवरचा फोन आणि डोंगल अशा वेळी सर्वांत शांत असतात.

फाइलचाही विचार करायला हवा. आपल्या संगीताचा मोठा ठेवा यूट्यूबवर कॅसेटवरून चढवलेल्या मैफिलींत आहे. तिथे तानपुऱ्याच्या जवारीचे वरचे स्वर कॅसेटमध्येच झिजलेले असतात आणि उरलेले दाबून साठवताना आणखी जातात. कोणताही डॅक ते परत आणू शकत नाही. तीच मैफल सीडीवर किंवा लॉसलेस सेवेवर मिळत असेल, तर चार-पाचशे रुपयांत होणारी ही सुधारणा आधी करावी.

खरेदी भारतातल्या अधिकृत वितरकाकडून करावी. परदेशातून मागवलेल्या पेटीवर सीमाशुल्क भरावे लागते आणि बिघडली तर वॉरंटीसाठी ती परत पाठवण्याचा खर्च आपला. जुनी घेताना आवाजाचे बटण अगदी तळापासून हळूहळू वर न्यावे. सुरुवातीला एकाच कानात आवाज येत असेल किंवा खरखर होत असेल, तर ते बटण झिजले आहे. पेटी घरी आली की गेनची कळ 'लो' वर ठेवून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि दोन वॅटची पेटी ती एका बोटाच्या हालचालीत ओलांडते. हेडफोन कानावर चढवण्याआधी आवाज शून्यावर आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे, विशेषतः घरातल्या मुलांनी पेटी हाताळली असेल तेव्हा.