संगणकाच्या घरात कुणी कुठे उतरावे?

मंडळी, लग्नाला वऱ्हाड आले की त्याला कुणी थेट माजघरात नेऊन बसवीत नाही. त्याची सोय जानवसघरी. वऱ्हाड परतले की जानवसघर झाडले, काम झाले. घरच्या भांड्यांत त्यांचे तांबे मिसळले, असे होत नाही. लिनक्स चालणाऱ्या संगणकातही फायलींसाठी अशीच रीत ठरलेली आहे. तिची पहिली नियमावली १९९४ च्या फेब्रुवारीत निघाली, आणि ३.० ही आवृत्ती २०१५ च्या जूनमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, फाईल कुठेही असली म्हणून काय बिघडते? समजा, एखाद्या गुरुजींनी संगणकाबरोबर आलेलाच एक छोटा प्रोग्राम शाळेच्या हजेरीसाठी रात्री जागून बदलून घेतला, आणि होता तिथेच, ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’ या कप्प्यात, ठेवून दिला. ‘यूएसआर’ हे प्रणालीचे कोठीघर. तिथले सामान पॅकेजांनी आणायचे, पॅकेजांनीच बदलायचे. पुढे त्या पॅकेजची नवी आवृत्ती बसविली की नवी फाईल जुनीवर येते, आणि गुरुजींची मेहनत पुसली जाते. यात संगणकाचा काय दोष? घरधन्यासाठी ‘यूएसआर’च्या पोटातच ‘लोकल’ नावाचा कोनाडा राखलेला आहे. प्रणालीच्या सुधारणेने त्याला धक्का लागता कामा नये, असा दंडकच आहे. (‘यूएसआर’ नावावरून वाटते की वापरणाऱ्यांचे कागद तिथे असावेत. फार पूर्वी युनिक्समध्ये ते असतही. आता त्यांची जागा ‘होम’.)

‘ऑप्ट’ म्हणजे आपले जानवसघर. बाहेरून आणलेले पॅकेज तिथे स्वतःच्या नावाची खोली करून राहते. त्याच्या मांडणीच्या फायली मात्र ‘ईटीसी’मधल्या ‘ऑप्ट’मध्ये, आणि रोज बदलणारी माहिती ‘व्हार’मधल्या ‘ऑप्ट’मध्ये जाते.

‘ईटीसी’त या संगणकापुरते ठरविलेले नियम असतात, चालणारे प्रोग्राम तिथे ठेवायचे नाहीत. ‘व्हार’ म्हणजे रोजकीर्द, ती वाढतच जाणार. आणि ‘टीएमपी’ हा वर्गातला फळा समजा. निकालपत्रक त्यावर लिहून घरी जाऊ नका!

नक्कल कशाची काढून ठेवावी, हेही यावरून कळते. ‘यूएसआर’ गेले तरी पॅकेजे पुन्हा बसविता येतात. पण ‘होम’, ‘ईटीसी’, तो ‘लोकल’चा कोनाडा आणि ‘व्हार’मधले कामाचे तेवढे, शनिवारी शाळा सुटल्यावर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.