तीस ग्रॅम चीज

पहाटे ४.४५. आज शुक्रवार, म्हणजे रात्री पिझ्झा, आणि त्याची सुरुवात आत्ता, चहाच्याही आधी. जानेवारीत आसनगावला पहाटे चांगलाच गारठा पडतो. ठाण्याच्या ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. गार पाण्यात यीस्ट ढिम्म हलत नाही, म्हणून चहाच्या आधणातलं थोडं पाणी काढून त्यात साधं पाणी मिसळते. बोट बुडवलं तर ऊब लागावी, चटका बसू नये. त्यात पाव चमचा यीस्ट, बस्स. पाकिटावर याच्या कितीतरी पट सांगितलेलं असतं, पण ते तास-दीड तासात पीठ फुगवणाऱ्यांसाठी. माझ्या पिठाला रात्रीपर्यंत काही काम नाही.

परात काट्यावर ठेवते. १२० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम नाचणी, लहान चमचाभर मीठ आणि १७० ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा ग्रॅममध्येच. दिवसभर हिशेब लिहिणाऱ्या बाईला अंदाजपंचे जमत नाही. सासूबाईंना या काट्याचं भारी हसू येतं. "पीठ काय सोनं आहे का गं तोलायला?" त्या अंथरुणातूनच विचारतात.

पीठ सैल आणि चिकट होतं. पोळ्यांची सवय असलेला हात लगेच डब्याकडे जातो, अजून मूठभर घालूया म्हणून. घालायचं नाही. कणकेतला कोंडा सावकाश पाणी पितो आणि वीस मिनिटांत तेच पीठ आपोआप आवळून येतं. तेवढ्यात नळाला पाणी येतं. भातसा आणि तानसा आमच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि आमच्या नळाची मात्र वेळ ठरलेली. असो. हंडे-कळशा भरून झाल्या की पिठाला दोन-चार घड्या घालते, तेलाचा हात फिरवलेल्या डब्यात टाकते आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिजमध्ये यीस्टचं काम थांबत नाही, फक्त मंदावतं. चव त्या मंदपणातूनच येते.

६.१०. माहुलीचे सुळके अजून नुसते काळे दिसतायत. स्टेशनबाहेर पाड्यांवरून आलेल्या बायका पाट्या घेऊन बसल्यात. थोडा माल इथे विकायचा, उरलेला घेऊन कल्याण-ठाण्याला जायचं. थंडीत त्यांच्याकडे भेंडी येते. आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यातली भेंडी परदेशातही जाते, मग माझ्या तव्यावर का नको?

"मावशी, पाव किलो. कोवळी बघून द्या."

"तूच मोडून बघ ना, पोरी."

भेंडीचं टोक मोडलं तर कट्कन आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर भेंडी जून. संध्याकाळपर्यंत यांची पाटी रिकामी झालेली असते, त्यामुळे आसनगावची भेंडी माझ्या पिशवीतून ठाण्याला जाते आणि रात्री पुन्हा आसनगावला येते.

६.३५. आसनगावहूनच सुटणारी गाडी मिळाली की खिडकी मिळते. वासिंदला आमच्या ग्रुपमधली एकजण चढते. तिने आज पिशवीतून एक पाकीट काढलं: नाचणीचे पिझ्झा बेस. पुढे शेताचं चित्र, हिरवी अक्षरं, किंमत साध्या बेसच्या दुप्पट. "मैदा कायमचा बंद केला घरात," ती म्हणाली. पाकीट हातोहात फिरत माझ्याकडे आलं. मी उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. घटकपदार्थांच्या यादीत जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो, तसा नियमच आहे. यादीत पहिला मैदा होता. मग पाणी, मग तेल, मग साखर, आणि नंतर कुठेतरी नाचणी.

टिटवाळ्यापर्यंत डब्यात यावरच चर्चा. माझं म्हणणं मी तिथेही मांडलं: पीठ बदलून पिझ्झा हलका होत नाही. शंभर ग्रॅम मैद्यात साधारण ३५० कॅलरी, कणकेत आणि नाचणीत ३२०च्या आसपास. एका पिझ्झाला मी ६० ग्रॅम पीठ वापरते. सगळा मैदा घातला काय किंवा माझं मिश्रण घातलं काय, फरक पडतो जेमतेम बारा कॅलरींचा. एका खजुरातही याहून जास्त असतात. मग नाचणी घालायची कशाला? तिच्यातल्या कॅल्शियमसाठी, तंतूंमुळे पोट लवकर भरतं म्हणून, आणि मला तिची खमंग चव आवडते म्हणून. पण ती सहाव्या हिश्श्याच्या फार वर नेली की पीठ ताणलं जात नाही, चिरा पडतात. नाचणीत ग्लूटेन नाही, त्याला ती तरी काय करणार? आणि मैदा थोडा ठेवते तो ताणापुरता. त्याला एवढं पापी ठरवायचं कारण नाही.

"मग हलका होतो कशाने?" वासिंदवालीने जरा रागानेच विचारलं.

पातळ थापण्याने आणि चीज तोलून घालण्याने. हे ऐकून कुणी खूश झालं नाही. काहीतरी विकत आणून प्रश्न सुटणार असेल तर ते सगळ्यांना बरं वाटतं.

१.३०. ऑफिसात एकाचा वाढदिवस, म्हणून नेमका आजच बाहेरून पिझ्झा मागवलेला. खोके उघडल्यावर चीजच्या तारा निघाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एक तुकडा घेतला आणि माझा पोळीभाजीचा डबा संपवला. नाही कसं म्हणणार? पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज १६६० कॅलरी धरलेली आहे. येऊनजाऊन चार तास गाडीत-रिक्षात आणि आठ तास खुर्चीत, म्हणजे मी त्या व्याख्येत अगदी चपखल बसते. १६६० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दोन चहा, नाश्ता, डबा आणि हा एक तुकडा झाला की रात्रीसाठी फार शिल्लक राहत नाही.

५.४५. निघताना घरी फोन. "डबा फ्रिजबाहेर काढ आणि झाकण उघडू नकोस." लेक नववीत आहे, एवढं काम करते. गार पीठ थापायला घेतलं तर रबरासारखं मागे सरतं. तासभर तरी बाहेर राहायलाच हवं.

६.२०. ठाण्याहून कसारा लोकल. कल्याणपर्यंत उभं राहायचं, मग कुणीतरी उठतं. आमच्या डब्यात या वेळी निम्म्या घरांचा स्वयंपाक सुरू झालेला असतो. कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय. मी लसूण सोलून घेते आणि भेंडी रुमालाने एकेक करून कोरडी पुसते. धुऊन ओली ठेवलेली भेंडी म्हणजे पुढे तव्यावर चिकटा.

८.००. घरी. पीठ दुप्पट नाही, पण चांगलं फुगलंय, वर बुडबुडे आहेत. शंभर-शंभर ग्रॅमचे चार गोळे करून ओल्या फडक्याखाली ठेवते. एका शेगडीवर चार टोमॅटो सालं काळी होईपर्यंत भाजायचे, सोलून हातानेच कुस्करायचे, लसूण आणि मीठ घालून रस आटेपर्यंत शिजवायचे. केचप नाही, कारण त्यात साखर फार. सॉस पळीतून भदकन पडला पाहिजे. ओघळला तर बेस भिजलाच म्हणून समजा.

दुसऱ्या शेगडीवर भेंडी. उभ्या पातळ फोडी, पसरट कढईत, सगळ्या मिळून एक छोटा चमचा तेल, झाकण न ठेवता. आधी तार सुटते, मग तार वाळते, मग कडा तपकिरी होतात. मीठ शेवटी. भेंडीचा पिझ्झा म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करतात, पण नीट कोरडी परतलेली भेंडी कुरकुरीत लागते आणि पाणी सोडत नाही. भोपळी मिरचीला ते जमत नाही. सोबत कांदा आणि एक वांगं, तसंच परतून.

ओरेगानोच्या पुड्या घरात साठलेल्या असतात, तरी मी त्या वापरत नाही. दारातल्या कुंडीत पानओवा आहे, ज्याच्या पानांची आपण भजी करतो तोच. वास जवळजवळ तोच, कारण दोन्हींच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल असतात. तीन-चार पानं बारीक चिरली तरी पुरतात, जास्त झाली की औषध खाल्ल्यासारखं वाटतं.

८.४५. थापायचं काम सासूबाईंचं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, एकदा मला लाटणं घेताना बघून त्यांनीच परात ओढून घेतली. लाटण्याने दिवसभर जमलेली हवा निघून जाते. त्यांचा हात तांदळाच्या भाकरीचा. गोळ्यावर चार बोटं सपाट टेकवायची, मधून कडेकडे दाबत न्यायचं, आणि डाव्या हाताने परातीतच जरा फिरवायचं. त्या भाकरी परातीत नुसत्या बोटांच्या धक्क्याने गोल फिरवतात, तीच चाल. कड मात्र शेवटपर्यंत शिवायची नाही, ती जाडसर राहते आणि फुगते. शंभर ग्रॅमचा गोळा ताटलीएवढा होतो, मधे इतका पातळ की खालच्या परातीवरचा ओरखडा दिसावा. ओव्हनमध्ये पाच हजार रुपये घालण्याआधी ही थाप शिकावी असं माझं मत झालंय.

९.००. बिडाचा तवा चांगला तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत गेला पाहिजे. तेल नाही. बेस टाकला की मिनिटभरात फुगे येतात, खाली डाग पडतात. उलटायचा, आणि भाजलेल्या बाजूवर पटापट सॉस, भाज्या, चीज, झाकण, मंद आंच, चार मिनिटं. नेपल्सच्या भट्टीत ४००च्या वर तापमान असतं आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार होतो. घरच्या तव्याला ते येणार नाही, पण भाजलेल्या बाजूवर सॉस घातल्याने निदान मधोमध कच्चा राहत नाही.

चीज काट्यावर: तीस ग्रॅम. खिसणी बारीक भोकांची, म्हणजे तेवढंच चीज सगळीकडे पोचतं, आणि ढीग मधे न घालता विरळ पसरायचं. मोझरेला शंभर ग्रॅमला साधारण ३०० कॅलरी, म्हणजे ह्या नव्वद. पनीर घालून पिझ्झा 'हेल्दी' करणाऱ्यांना सांगायला हवं, साध्या पनीरचा आकडाही फार मागे नाही. मलईची हौस असेल तर टांगलेलं दही लसूण घालून फेटायचं आणि उतरवल्यावर वरून चमचाभर टाकायचं.

हिशेब असा: पीठ २००, चीज ९०, तेल-सॉस-भाज्या ६५, दही २०. एकूण पावणेचारशे. बेकरीतून आणलेला एक बेस मी तोलला तर सव्वाशे ग्रॅम भरला. त्यावर ८० ग्रॅम चीज, केचप आणि दोन चमचे लोणी घातलं की पावणेसातशे होतात. या तीनशेच्या फरकात मैदा की नाचणी हा प्रश्न कुठेच येत नाही.

९.३०. "अजून चीज," लेक म्हणाली. दहा ग्रॅम दिलं, तीस कॅलरी. ती सायकलने शाळेत जाते, तिला परवडतं. नवऱ्याच्या रक्तातली चरबी वाढली आहे, त्याने डॉक्टरांची आठवण काढून गप्प राहायचं ठरवलं आणि तिच्या ताटातली कड पळवली. सासूबाईंनी दरवेळेप्रमाणे पिझ्झा खाल्ला नाही. त्यांनी आपली भाकरी थापली, तिच्यावर उरलेला सॉस आणि भेंडी वाढून घेतली आणि वर हिरवी मिरची चावली. मी काट्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "माझी भाकरी तोलायची नाही." तशी गरजही नव्हती. साठ ग्रॅम तांदळाच्या पिठाची भाकरी पिझ्झाच्या बेसइतकीच भरते, आणि तिच्यावर चीज नव्हतं.

चौथा गोळा उरला. उद्या शनिवार, अर्धा दिवस ऑफिस आहे. सकाळी तोच गोळा थापून आत उरलेली भेंडी भरून दुमडणार आणि तव्यावर दोन्हीकडून भाजून डब्यात नेणार. वासिंदवालीला तुकडा द्यायला हवा, तिचे नाचणीचे सहा बेस अजून संपायचेत.