खेळाचा संगणक जोडताना

हल्ली उचगावसारख्या गावांतूनही मुलांचा एक नवा हट्ट ऐकू येतो. सायकल नको, मोबाइल नको. खेळण्यासाठी संगणक जोडून हवा! वडिलांना या विषयातले काही उमगत नाही, मुलाला थोडेबहुत उमगते आणि एखाद्या दुकानदाराला पडून राहिलेला माल खपवायचा असतो. या तिघांच्या बोलण्यातून साठ-सत्तर हजारांचा व्यवहार ठरतो. बटाटा-रताळ्याच्या हंगामावर ज्या घराचे वर्ष निघते, तेथे ही रक्कम लहान नव्हे. म्हणून हे यंत्र चालते कसे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घेतलेले बरे.

खेळातले हलते चित्र म्हणजे वास्तविक एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे होत. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राला सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत कोण कोठे धावला, चेंडू कोणाला लागला, याचा निर्णय प्रोसेसर करतो. आणि त्या निर्णयाचे चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाचा हिशेब सारख्याच पद्धतीचा, म्हणून तो हजारो लहान गणकांत वाटून एकाच वेळी करता येतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसरांना एकत्र राबवण्याच्या तत्त्वावरच. ते तत्त्व आज मुलाच्या टेबलाखाली येऊन बसले आहे, ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटते.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही एका जुवाची बैलजोडी आहे. एक उमदा आणि दुसरा थकलेला असेल, तर नांगर थकलेल्याच्याच चालीने चालतो. सर्वांत महागडा प्रोसेसर घेऊन कार्डावर काटकसर करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. माझ्या मते एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडा अधिक, कार्डासाठी राखावा. पण त्याआधी पडदा ठरवावा. ३८४० गुणिले २१६० चा पडदा घेतला, तर रंगवायचे ठिपके चौपट होतात आणि कार्डाचा खर्चही त्याच वाटेने जातो. साध्या पडद्यावर समाधान मानले, तर मध्यम कार्ड पुष्कळ होते. कार्डावरची स्वतंत्र मेमरी मात्र पाहून घ्यावी. नव्या खेळांना ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. १२ किंवा १६ जीबी मिळत असेल, तर तेथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

मदरबोर्ड निवडताना पुढच्या वर्षांचा विचार करावा. एएमडीच्या 'एएम-४' सॉकेटच्या २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, त्यातील प्रणाली अद्ययावत केल्यावर, २०२२ सालचा प्रोसेसर बसला. इंटेलने २०२१ साली एक सॉकेट आणले आणि २०२४ साली दुसरे. पुढे केवळ प्रोसेसर बदलता यावा अशी इच्छा असेल, तर हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. रॅम १६ जीबी हवी, आणि ती एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन वाटांनी माहितीची ने-आण जलद होते. साठवणुकीसाठी एसएसडी घ्यावी. याहून अधिक तिच्याविषयी सांगण्यासारखे नाही.

आता ज्या भागाकडे कोणी पाहत नाही, त्या पॉवर सप्लायकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५०० वॅट' छापलेले असते. पण प्रोसेसर व कार्ड यांना वीज मिळते ती १२ व्होल्टच्या वाटेने. लेबलावर त्या वाटेचे अँपिअर लिहिलेले असतात. त्यांना १२ ने गुणावे. २५ अँपिअर असतील, तर खरी शक्ती ३०० वॅट! असा निकृष्ट सप्लाय जळताना पुष्कळदा शेजाऱ्यांनाही घेऊन जातो, म्हणजे दीड-दोन हजार वाचवून तीस हजारांचे कार्ड पणाला लावल्यासारखे होते. त्यातून आपल्याकडच्या पावसाळ्यात विजेचा दाब कमी-अधिक होतो, मध्येच दिवे जातात. म्हणून घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नये. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो; खेळ रंगात आलेला संगणक त्याहून अधिक मागू शकतो.

कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर मुलांचा जीव असतो. दिवे असोत बापडे. पण पुढच्या बाजूने हवा आत येते की नाही आणि धुळीची जाळी काढून धुता येते की नाही, हे आधी पाहावे. सुगीच्या दिवसांत ती जाळी पंधरवड्यातच भरते.

बेळगावहून मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळूरुचा एस. पी. रोड ही दोन्ही मोठी बाजारपेठ साधारण ५०० किलोमीटरवर. तेथे भाव उतरलेला दिसला, तरी नादुरुस्त भाग घेऊन परत जाण्याचे भाडे हिशेबात धरावे. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर त्याचा क्रमांक लिहवून घ्यावा. आणि सर्व जोडणी झाल्यावर पडद्याची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी. मदरबोर्डला लावली, तरी बहुधा चित्र दिसते. मात्र तीस हजारांचे कार्ड आत स्वस्थ बसून राहते आणि खेळ अडखळत का चालतो, याचा घरभर शोध सुरू होतो.