सालाची बेगमी आणि शहरातील वाणसामान

आळंदीच्या रस्त्यावर येरवडा आणि दिघी यांच्या दरम्यान वसलेली विश्रांतवाडी आज पुणे शहराचा भाग आहे. तथापि तेथे राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा गावाशी असलेला संबंध अद्याप तुटलेला नाही. नोकरीनिमित्त वा मजुरीसाठी शहरात येताना ह्या कुटुंबांनी शेती मागे ठेवली, आणि तिच्याबरोबरच सुगीत सालाची बेगमी करून ठेवण्याची रीतही मागे राहिली. गावी ज्या घरात ज्वारीची पोती आणि तुरीची डाळ उन्हाळा लागण्यापूर्वी भरली जात, त्याच घरात आता दर चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो डाळ व पाव किलो साखर येते. महिनाअखेर पैसे कोठे गेले हे उमगत नाही, आणि मग कात्री लागते ती मुलांच्या दुधाला व वरणाला. ह्यास काटकसर म्हणता येणार नाही. ताटातील अन्न तेच ठेवून केवळ खरेदीची रीत बदलली, तरी खर्चात पुष्कळ फरक पडतो.

केंद्र शासनाच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत, शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे 39 टक्के खर्च अन्नावर होतो असे आढळून आले. त्यातील सर्वांत मोठी बाब धान्य नाही, भाजी नाही, दूधही नाही. पेये व तयार खाद्यपदार्थ यांवरच सुमारे साडेदहा टक्के खर्च होतो, म्हणजे तृणधान्यांवरील खर्चाच्या दुपटीहूनही अधिक. हे आकडे देशभरातील शहरांचे आहेत. परंतु गृहिणींनी एक महिना वही ठेवून पाकिटांचा रकाना वेगळा मांडावा, म्हणजे आपल्या घरी काय स्थिती आहे ते कळेल. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाचा हिशोब कोणी ठेवत नाही, आणि नेमकी तेथेच गळती असते. शेंगदाण्याचा लाडू, फुटाणे किंवा घरी केलेला चिवडा यांत पोषणही अधिक आणि खर्चही कमी.

कोणती वस्तू केव्हा घ्यावी हे शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसास शिकवावयास नको. त्याने फक्त ते आठवावयाचे आहे. तूर पौष-माघात निघते, आणि नवी डाळ त्यानंतर बाजारात येते. हरभरा व रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात, तर गहू फाल्गुनापासून वैशाखापर्यंत येतो. लाल मिरची, हळद व चिंच यांची आवकही ह्याच सुमारास असते. म्हणूनच आपल्याकडे मसाला उन्हाळ्यात कुटण्याची चाल पडली. मावळ, मुळशी व भोर भागातील तांदूळ दिवाळीनंतर येतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी हा वाण आज पुणेकरांच्या घरोघरी शिजतो. तो नवा असताना भात मऊ होतो आणि जुना झाला की अधिक फुगतो, हे घेताना ध्यानात ठेवावे. आवकेच्या दिवसांत भाव सामान्यतः उतरलेले असतात आणि मालही निवडून घेता येतो.

दोन खोल्यांच्या घरात वर्षाचे धान्य ठेवावयास जागा नसते, ही अडचण खरी आहे. अशा कुटुंबाने तीन महिन्यांचे घ्यावे, आणि सालाचा हट्ट डाळ, मिरची, हळद व चिंच इतक्यापुरताच धरावा. तेलाचा मोठा डबा मात्र लहान कुटुंबाने घेऊ नये. उघडलेले तेल फार दिवस राहिले की खवट होते. ह्या खरेदीसाठी उसने वा व्याजी पैसे काढणे तर सर्वथा अयोग्य. दिवाळीपासून दरमहा थोडी रक्कम वेगळी काढली, किंवा चार शेजारणींनी ह्याच कामासाठी भिशी लावली, तर फाल्गुनात रोख रक्कम हाती राहते.

भरलेले धान्य किडले तर सारी काटकसर व्यर्थ जाते. गहू व ज्वारी कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच कोठीत भरावी. दाण्यातील ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या वर नसावा. घरी हे मोजण्याचे साधन नसते, परंतु दाणा दाताखाली कट् आवाज करून फुटला म्हणजे तो वाळला असे समजावे. तुरीच्या डाळीस एरंडेल तेलाचा हात लावावा. अख्ख्या कडधान्यास भुंगा लवकर लागतो, म्हणून ते थोडेच घ्यावे. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट शब्दांत सांगणे अवश्य आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू प्राणघातक असून बंद खोलीत झोपलेले कुटुंबच्या कुटुंब त्याने दगावू शकते. गुदामासाठी असलेली ही गोळी राहत्या घरात कदापि आणू नये, मग ती कोणीही दिलेली असो.

दुकानात वस्तू घेताना पाकिटाची किंमत न पाहता किलोचा भाव पाहावा. पाकिटबंद मालाच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार ठरावीक वजनांच्याच पाकिटांचे बंधन उठले आणि त्याऐवजी प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापणे आवश्यक झाले. ही बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये. उदाहरणादाखल, 450 ग्रॅम डाळीचे पाकीट 63 रुपयांस आणि सुटी डाळ 132 रुपये किलो असेल, तर पाकीट 140 रुपये किलोने पडते. महिन्यास चार किलो डाळ लागणाऱ्या घरी एवढ्याशा फरकाने वर्षाचे 384 रुपये जातात. तेलाचेही तसेच. एक लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. शेजारची स्वस्त दिसणारी पिशवी 850 ग्रॅमची आहे काय, हे पाहावे. 18 जुलै 2022 पासून छापील वेष्टनातील 25 किलोपर्यंतच्या धान्य, डाळी व पिठावर 5 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. तयार पिठाऐवजी गहू घेऊन गिरणीतून दळून आणणे, हा म्हणूनही शहाणपणाचा व्यवहार आहे.

भाजीच्या बाबतीत नाशिकच्या रस्त्याने येणारा माल विश्रांतवाडीस सोयीचा आहे. खडकीचा उपबाजार जवळ आहे, आणि कांदा-बटाट्यासाठी चाकणची बाजारपेठ फार दूर नाही. चैत्र-वैशाखातील उन्हाळ कांदा हवेशीर जागी चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा टिकत नाही, तेव्हा स्वस्त मिळाला तरी तो साठवू नये. भाव चढला की त्या वस्तूवाचून निभावण्याची कला आपल्या स्वयंपाकात मूळचीच आहे. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, आणि थोड्याच आठवड्यांत नारायणगावच्या बाजारात तो मातीमोल झाला. पहिल्या काळात ज्यांनी आमटीत चिंच-आमसूल वापरले, त्यांचे काही अडले नाही.

गावाकडची शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांपैकी काहींना येथे धान्य मिळणार नाही असे वाटते. अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो व अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य मिळते, आणि 1 जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. हा हक्क असता बाजारातून तेच धान्य विकत घेणे म्हणजे दुहेरी नुकसान.

एकट्या घराला घाऊक भाव मिळत नाही; दहा घरांना मिळू शकतो. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच तत्त्व वापरले. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ करावयाचा, सर्वांची मागणी एकत्र नोंदवावयाची आणि आलेला माल एका घरी उतरवून वाटून घ्यावयाचा, अशी ती पद्धत आहे. विश्रांतवाडीतील एखाद्या चाळीस वा सोसायटीस हे सहज जमण्यासारखे आहे. पैसे आधी जमा करावेत, नमुना सर्वांनी पाहावा, आणि वाटणीच्या वेळी काटा शून्यावर आहे याची खात्री दोघींनी मिळून करावी. भांडणे होतात ती बहुधा शेवटच्या दोन किलोंवरून. ज्येष्ठात पालखी ह्या रस्त्याने पुण्यास जाते तेव्हा वारकऱ्यांसाठी लागणारा शिधाही अशाच रीतीने एकत्र घेतला, तर देणाऱ्यांचा हात आखडत नाही.

खेड, जुन्नर, मावळ व शिरूरच्या शेतकरी बंधूंनीही ह्या मागणीकडे पाहावे. शहरातील कुटुंबास शंभर किलोचे पोते नको असते; त्याला स्वच्छ केलेला, वाळवलेला, 10 वा 25 किलोंच्या पिशवीत भरलेला माल हवा असतो. 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर शेतकरी आठवडे बाजारांनी थेट विक्रीची वाट रुळविली आहे. धान्य विकू इच्छिणाऱ्यांनी तेथे एक-दोन किलोंचे नमुने ठेवावेत, पिशवीवर पिकाचे नाव, वाण व मळणीचा महिना लिहावा, आणि मागणी नोंदवून घेऊन पुढील आठवड्यात माल पोचवावा. घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षी केवळ तूरडाळ व तांदूळ यांपासूनच आरंभ करावा. गव्हाचा विचार पुढील चैत्रात करता येईल.