संगणकाचं घड्याळ मागे पडलं तर…



घरावरचं एखादं कौल सरकलं तर मृगाच्या आधी आपण ते बसवून घेतो. पाऊस घरात येईपर्यंत कुणी थांबत नाही. गटाच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण थांबतो. आम्हीही थांबलो, त्याची ही गोष्ट.

आमचा गट मसाले करतो. हिशेबासाठी आम्ही जुना संगणक घेतला. काही महिन्यांनी तो रोज सकाळी भलतीच, कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागला. आमच्या सचिवताई ती हाताने बदलायच्या. एकदा त्या माहेरी गेल्या आणि दुसऱ्या ताईंनी पावत्या छापल्या. सगळ्यांवर जुनी तारीख! कर्जाच्या अर्जासोबतचे ते कागद बँकेने परत पाठवले. पुन्हा सगळं करेपर्यंत तीन आठवडे गेले, मिरचीचा हंगाम सरला आणि आम्हाला महागाची मिरची घ्यावी लागली. बिघाड होता फक्त एका सेलचा.

संगणक बंद असला तरी त्याच्या आतलं घड्याळ चालू असतं. ते चालतं नाण्यासारख्या चपट्या सेलवर. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ वेळ विसरतं. सेल बदलताना आधी प्लग काढा. जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने तो गिळला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

तारीख चुकली की वेबसाइटही अडतात. बँकेच्या वेबसाइटला एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. संगणक ती मुदत आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच चुकलं तर चांगली वेबसाइटही त्याला खोटी वाटते आणि तो ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. तेव्हा ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. आधी तारीख, वेळ आणि वर्ष बघा. ते बरोबर असूनही इशारा आला, तर तिथे पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नका. बँकेत जाऊन विचारा.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. संगणकातून खटखट आवाज येऊ लागला किंवा फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर हार्ड डिस्क खराब होत असू शकते. त्याच दिवशी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या घरी ठेवा.

दुसरी खूण वेबसाइटची. गटाची वेबसाइट असेल, तर तिच्या नावाचे पैसे मुदत संपण्याआधी पुन्हा भरावे लागतात. त्याची आठवण ई-मेलवर येते. तो ई-मेल वेबसाइट करून देणाऱ्या पुतण्याचा आहे की गटाचा, हे आजच बघा.

आम्ही आता संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. काही वेगळं दिसलं की तारीख घालून तिच्यात लिहायचं, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसली की त्या आठवड्यात दुरुस्ती करायची. पुढच्या बैठकीत तुमचीही वही सुरू करा.