सुट्टीसाठी तीनच गोष्टी

शिरोळहून बोलतोय. मे उजाडला की शिबिरं, क्लास आणि पुस्तकांच्या लांबलचक याद्या सुरू होतात. मग सुट्टीचीच शाळा होते. म्हणून आज फक्त एक पुस्तक, एक पदार्थ, एक छंद.

पुस्तक : आनंद यादवांचं ‘झोंबी’. यादव कागलचे, आपल्याच जिल्ह्यातले. शिकण्यासाठी घरच्यांशी झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची ही आत्मकथा. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर रोज थोडं मोठ्यानं वाचा. आजोबा मध्येच स्वतःच्या शाळेचं सांगू लागले तर पुस्तक मिटा, त्यांचं ऐका.

पदार्थ : कैरीचं पन्हं. कैऱ्या उकडून गर काढा. गराच्या दीडपट गूळ, वेलची, मीठ घाला. प्यायच्या वेळी गार पाणी. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळं मीठ विसरू नका. उकडायचं काम मोठ्यांचं, गर कुस्करायचं पोरांचं.

छंद : चित्र काढणं. आपल्या तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात सकाळी लवकर जा. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल, उघडं आहे. तिथला एकच खांब निवडून अर्धा तास वहीत काढा. तोच खांब कुठं चौकोनी, कुठं अष्टकोनी, कुठं गोल होतो, हे फोटो काढून निघणाऱ्याला दिसत नाही.

उरलेला दिवस मोकळा सोडा. पोरं कंटाळली तर कंटाळू देत. त्यातूनच ती आपापला खेळ शोधतात.

तुमच्या घरी काय चाललंय, जरूर कळवा!