मुळशीच्या मुळाशी!

जनगणनेच्या जाडजूड पुस्तकात एका गावाच्या वाट्याला येते फक्त एक ओळ. पण त्या ओळीत किती मसाला भरलेला असतो, माहीत आहे का? चला, मुळशी तालुक्यात एक झटपट राउंड मारू. सीटबेल्ट लावलात ना?

खालून दुसरा, तरी जोरात!
2011 च्या जनगणनेत मुळशीची लोकसंख्या भरली 1,71,006. पुणे जिल्ह्यात तेव्हा याहून कमी माणसं होती फक्त वेल्हे तालुक्यात. आणि हिंजवडीचं ते गाजलेलं आयटी पार्क कुठल्या तालुक्यात? अहो, याच!

नाव मुळशी, कचेरी पौडला
तहसील कचेरी मुळशी गावात शोधाल तर चकाल. ती आहे पौडला. कोथरूडकर रोज ज्या पौड रोडवर हॉर्न वाजवतात, त्यातलं पौड ते हेच. हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे थेट दिघी बंदर गाठतो!

बैलगाडीलाही कॉलम
गावात कुठली वाहनं आहेत, याची जनगणनेत नोंद होते. सरकारी बस, खासगी बस, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर… आणि चक्क बैलगाडी! पायवाटेलाही वेगळा रकाना. सोय गावात नसेल तर ती किती लांब, हे तीन अक्षरांत: ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे त्याहून पुढे. तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालणाऱ्या आजीला विचारा, ए आणि बी यांच्यात किती घाम असतो!

झुकझुक नाही, डायरेक्ट मेट्रो
तालुक्यात रेल्वे स्टेशन एकही नाही. पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा डेपो कुठे आहे, माहीत आहे का? माण गावात. माणला मिळाला मान!

वाचता येतं, तरी निरक्षर?
पाच वर्षांची चिंगी धडाधड गोष्टीचं पुस्तक वाचते. तरी जनगणनेत ती निरक्षरच! साक्षरता मोजतात सात वर्षांपासून पुढे. चिंगे, थोडं थांब.

थोरला-धाकटा
बावधन बुद्रुक, बावधन खुर्द. यातले बुद्रुक आणि खुर्द हे शब्द आले फारसीतून. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. गावांमध्येही दादा आणि छोटू असतात! यातला दादा, म्हणजे बावधन बुद्रुक, 2021 मध्ये सूस आणि म्हाळुंगेसोबत पुणे महापालिकेत गेला. माणसं तिथेच, पत्ता शहराचा.

पाण्याचा यू-टर्न
मुळा नदीचा मूळ मार्ग पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे. पण टाटांच्या मुळशी धरणानं तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. ते भिऱ्याला वीज तयार करतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर!

आता क्षणभर ब्रेक. या धरणासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या घरांवर, भातखाचरांवर पाणी आलं. त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. आज आपण जलाशयाकाठी सेल्फी काढतो, तेव्हा पाण्याखालच्या त्या गावांना एक नमस्कार हवाच.

छत्री? विसरा!
जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. पुणे शहराला वर्षभरात मिळतो साधारण सातशे. पावसाळ्यात घाट चढताना गाडी हळू, प्लीज!

आता तुमची पाळी
पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. प्रगणक दारात येतील तेव्हा 'नंतर या' म्हणू नका. त्यांना बसवा, पाणी द्या आणि प्रत्येक माहिती खरी सांगा. तुमच्या गावाची ती एक ओळ तुमच्याच तोंडून लिहिली जाणार आहे.